मुडपलेली बोटं आणि तीन बाटल्या

*डॉक्टरताई, नमस्कार. मी फलटण तालुक्यातली. बचत गटातून कर्ज काढून दीड वर्षापूर्वी कोंबड्या पाळायला लागले. आज सुधारित गावरान जातीच्या १२० कोंबड्या अंड्यावर आहेत आणि नवीन २०० पिल्लं आज २४ दिवसांची झाली. तयार खाद्य परवडेना म्हणून पिल्लांना पहिला आठवडा स्टार्टर दिलं, नंतर घरचं मिश्रण सुरू केलं. १०० किलोला ४५ किलो मक्याचा भरडा, ३० किलो तांदळाची कणी, १५ किलो ज्वारी, १० किलो सोयापेंड आणि थोडं मीठ. कोंबड्यांनाही तेच. दुकानदाराच्या सांगण्यावरून कॅल्शियम, लिव्हर टॉनिक आणि बी-कॉम्प्लेक्स अशा तीन बाटल्या रोज सकाळी एका बादलीत कालवून सगळ्यांना पाजते. टाकीत ब्लिचिंग पावडर असते. तरी पिल्लांचं वजन वाढत नाही. नऊ पिल्लांच्या पायांची बोटं आत वळली आहेत, ती घोट्यावर बसूनच सरकतात. कोंबड्या पातळ कवचाची अंडी देतात, काही अंडी तर हातातच फुटतात. बलक फिका आहे म्हणून गिऱ्हाईक कुरकुरतं. आता शेजारचे एक जण 'ग्रोथची पावडर' आणून देतो म्हणतात. पुडीवर नाव नाही. ती देऊ का? आणि पिल्लांची हाडं मजबूत व्हावीत म्हणून त्यांच्या खाद्यातही शिंपल्याचा चुरा घालू का?*

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मिश्रणाचं माप, पिल्लांचं वय, कॅल्शियमच्या लेबलावरचा मजकूर, सगळं तुम्ही उतरवून पाठवलंत म्हणून इतकं नेमकं लिहिता येतंय. बाकीचं नंतर. आधी ती नऊ पिल्लं.

त्यांना आजच बाजूला काढा. एखादं खोकं घ्या, खाली तूस पसरा, पाणी आणि खाद्य अगदी जमिनीलगत ठेवा. अशी पिल्लं दुखण्यानं कमी मरतात, पाण्यापर्यंत पोचता न आल्यानं आणि इतरांच्या पायाखाली चेंगरून जास्त मरतात. मग एकेक पिल्लू मांडीवर उताणं घेऊन बघा. दोन्ही पायांची बोटं मुठीसारखी आत वळलेली, घोटा मात्र सुजलेला नाही, डोळे तरतरीत, खाण्याची इच्छा शाबूत, असं असेल तर ही बी-२ जीवनसत्त्वाची कमतरता आहे. या वयात आणि तुमच्या या मिश्रणावर मला तीच दिसते. घोटा जाड झाला असेल आणि मागची शीर खोबणीतून बाजूला घसरली असेल, तर तो मॅंगनीज वगैरेच्या कमतरतेचा प्रकार. तो पाय परत सरळ होत नाही. एक पाय पुढे आणि एक मागे असं पसरून पिल्लू पडलं असेल तर मॅरेक्स या विषाणूच्या आजाराची शंका घ्यायची, पण तो आजार सहसा याहून मोठ्या पक्ष्यांत दिसतो.

बी-२ का कमी पडलं? पिल्लाला किलोभर खाद्यातून साधारण साडेतीन मिलिग्रॅम बी-२ लागतं. किलोभर मक्यात ते जेमतेम एक मिलिग्रॅम असतं, पॉलिश केलेल्या तांदळाच्या कणीत त्याहून कमी. तुमच्या मिश्रणात ९० किलो धान्यच आहे. आता तुम्ही म्हणाल, बी-कॉम्प्लेक्स तर रोज देतेय! इथेच तुमची बादली आडवी येते. बी-२ उजेडात टिकत नाही. सकाळी बाटली ओतल्यावर पाणी पिवळंजर्द होतं ना? उन्हातल्या पारदर्शक ड्रिंकरमधलं तेच पाणी दुपारी बघा, रंग उतरलेला दिसेल. तो उतरलेला रंग म्हणजेच गेलेलं जीवनसत्त्व. शिवाय ब्लिचिंग पावडरचं क्लोरीन जीवनसत्त्वांचा नाश करतं ते वेगळंच. म्हणजे बाटली चांगली होती, पैसेही खरे होते, पण पिल्लाच्या पोटात गेलं ते बहुतेक रंगीत पाणी.

ब्लिचिंग बंद करू नका, पाणी निर्जंतुक हवंच. फक्त औषधाचं पाणी वेगळं ठेवा. आदल्या रात्री उकळून गार केलेलं, ब्लिचिंग न घातलेलं पाणी घ्या. सकाळी तासभर पिल्लांचं पाणी काढून ठेवा, म्हणजे त्यांना तहान लागेल. मग दोन तासांत संपेल एवढ्याच पाण्यात बी-कॉम्प्लेक्स घालून सावलीत द्या आणि नंतर नेहमीचं पाणी. हे पाच ते सात दिवस सगळ्या २०० पिल्लांना द्या, कारण बोटं नऊ जणांचीच वळली असली तरी खाद्य सगळ्यांनी तेच खाल्लंय. त्या नऊ जणांसाठीचा वेगळा डोस तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्या. ज्यांची बोटं दोन-चार दिवसांपूर्वी वळली ती बहुतेक उभी राहतील. ज्यांच्या पायाची नस आधीच खराब झालीय ती राहणार नाहीत. हे स्पष्ट सांगते, म्हणजे औषध वाया गेलं असं तुम्हाला वाटायला नको.

आणि घरात ताक होतं ना? दह्यावर सुटलेल्या पाण्याला जी हिरवट-पिवळी झाक असते, ती बी-२ चीच. ताकात कालवलेला थोडा भरडा रोज त्या खोक्यात द्या, पण अर्ध्या तासात संपेल एवढाच. आंबट मिश्रण दिवसभर पडून राहिलं तर त्यातून नवं दुखणं सुरू होईल.

कणीवरून एक गोष्ट आठवते, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८९० च्या दशकात जावा बेटावर क्रिस्तियान आइकमन नावाचे डच डॉक्टर बेरीबेरी या हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराचं कारण शोधत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या अचानक लुळ्या पडू लागल्या आणि काही महिन्यांनी आपोआप सुधारल्या. चौकशी केली तेव्हा कळलं, मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला पॉलिशचा शिजवलेला भात मिळत होता. नवा आचारी आला, त्यानं लष्कराचा तांदूळ असल्या कोंबड्यांना द्यायला नकार दिला, आणि बिनपॉलिशचा तांदूळ सुरू झाल्याबरोबर कोंबड्या पायावर उभ्या राहिल्या. तांदळाच्या कोंड्यातलं ते द्रव्य म्हणजे बी-१. आइकमनना १९२९ साली नोबेल मिळालं. जीवनसत्त्वांची बरीचशी विद्या अशी कोंबड्यांच्या खुराड्यातून सुरू झालीय, आणि तीही कणीसारख्याच पांढऱ्या तांदळामुळे. म्हणून कणी पूर्ण बंद करा असं नाही, पण १०० किलोत १० किलोच्या वर नको.

आता वजन. हिशोब साधा आहे. मक्यात साधारण ९ टक्के प्रथिनं, कणीत ८, ज्वारीत १०, सोयापेंडीत ४५. तुमच्या मापानं १०० किलो मिश्रणात साडेबारा किलोच्या आसपास प्रथिनं येतात. वाढत्या पिल्लाला लागतात २० टक्के. ही तूट कुठल्याही टॉनिकनं भरून निघत नाही, कारण मांस आणि पिसं प्रथिनांची बनतात आणि टॉनिकच्या चमचाभर द्रवात ती नसतात. पिल्लं खात राहतात, पोट भरतं, अंग भरत नाही. थोड्या दिवसांत ती एकमेकांची पिसं उपटायला लागतील, तेव्हा 'चोची कापा' असं कुणीतरी सांगेल. त्याआधी खाद्य बघा.

माझं प्रामाणिक मत असं की पहिल्या आठ आठवड्यांत काटकसर करू नका, पिल्लांना तयार स्टार्टरच द्या. एक पिल्लू आठ आठवड्यांत दीड-दोन किलो खाद्य खातं. २०० पिल्लांना ५० किलोची सहा ते आठ पोती होतात. कर्जाचा हप्ता चालू असताना हा आकडा डोळ्यांपुढे उभा राहतो, मला कळतं. पण याच आठ आठवड्यांत हाडांचा सांगाडा तयार होतो, आणि तेव्हा खुरटलेली तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, पुढे कितीही खाऊ घातलं तरी उशिरा अंड्यावर येते आणि अंडीही बारीक देते. काटकसर करायची तर ती मोठ्या कोंबड्यांच्या खाद्यात करा. त्या परसात फिरतात, किडे-गवत टिपतात, चूक थोडी सावरून घेतात.

अगदीच जमणार नसेल तर पिल्लांचं घरचं मिश्रण असं करा: मका आणि ज्वारी मिळून ६७ किलो, सोयापेंड ३० किलो, डायकॅल्शियम फॉस्फेट म्हणजे दुकानात डीसीपी म्हणतात ते दीड किलो, चुनखडीची पावडर एक किलो, मीठ ३०० ग्रॅम, आणि कोंबड्यांसाठीचं जीवनसत्त्व-खनिजांचं प्रीमिक्स पाकिटावर लिहिलेल्या मापानं. मेथिओनिन म्हणून एक अमिनो आम्ल असतं, मका आणि सोया दोन्ही त्यात तोकडे पडतात. प्रीमिक्समध्ये ते नसेल तर वेगळं मागून घ्या. हे प्रीमिक्स हेच खरं पूरक खाद्य. खाद्यात मिसळलं की प्रत्येक घासाला पोटात जातं, उन्हानं उडत नाही, आणि बाटल्यांपेक्षा स्वस्त पडतं. आधी दोन-तीन किलो भरड्यात चोळून घ्या, मग ते सगळ्या ढिगात मिसळा. एकदम ढिगावर टाकलंत तर एकाला सगळं आणि दहांना काहीच नाही, असं होतं. मीठ मात्र मूठभर, चिमूटभर नको, तोलूनच घाला. जास्त मिठानं पिल्लं मरतात.

कॅल्शियमच्या बाटलीचं लेबल तुम्ही पाठवलंत ते फार बरं केलंत. १०० मिलिलिटरमध्ये १.७५ ग्रॅम कॅल्शियम. म्हणजे लिटरभराच्या बाटलीत साडेसतरा ग्रॅम. एका अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. ताई, तुमची अख्खी बाटली म्हणजे आठ अंड्यांची कवचं! ती १२० कोंबड्यांत वाटल्यावर कुणाच्या वाट्याला काय येणार? अंड्यावरच्या कोंबडीला रोज चार ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम खावं लागतं. खाद्यातून मिळालं नाही तर ती आपल्या हाडांतून काढून अंड्याला देते, आणि तेही आटलं की कवच पातळ होतं. पुढे कोंबडीच लंगडते.

शिंपल्याच्या चुऱ्यात किंवा चुनखडीच्या बारीक खड्यांत सुमारे ३८ टक्के कॅल्शियम असतं. १२० कोंबड्यांना रोज सव्वा किलो शिंपला पुरतो. पीठ घेऊ नका, तांदळाच्या दाण्याएवढा खडा असलेला घ्या, आणि तो वेगळ्या भांड्यात दुपारी तीन-चारनंतर ठेवा. कवच घडायला जवळजवळ २० तास लागतात आणि त्यातला मोठा भाग रात्री घडतो. कोंबडी तेव्हा झोपलेली असते, पोटात दुसरं काही येत नसतं. संध्याकाळी गिळलेला खडा पेषणीत, म्हणजे दाणे भरडणाऱ्या पोटात, राहून रात्रभर हळूहळू विरघळतो. पीठ मात्र पुढे निघून जातं. एकदा संध्याकाळी त्या भांड्याजवळ थांबून बघा. उद्या अंडं देणारी कोंबडी शिंपले वेचून खाते आणि खुडूक बसलेली त्याकडे ढुंकून बघत नाही. ज्याची गरज त्यानंच खावं म्हणून भांडं वेगळं.

सध्याचा उन्हाळाही यात आहे. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कवचाला लागणारा कार्बोनेट त्यातूनच तयार होतो. त्यामुळे कॅल्शियम पुरेसं असूनही मे महिन्यात कवच पातळ पडतं. खाद्य पहाटे आणि ऊन उतरल्यावर द्या, पाण्याची भांडी दुप्पट करा, पाणी सावलीत माठासारखं गार राहील असं बघा, पत्र्यावर पाचट टाकून ते भिजवा. अशा दिवसांत दुपारी इलेक्ट्रोलाइटचं पाणी दिलेलं उपयोगी पडतं. तो खर्च मी वाया म्हणणार नाही. पण अंडी एकाएकी निम्म्यावर आली, कवच वेडंवाकडं झालं, कोंबड्या शिंकायला लागल्या, तर शिंपल्याची वाट बघत बसू नका. तो संसर्ग असतो, त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

पिल्लांना शिंपला? नको, नको आणि नको. वाढत्या पिल्लाला खाद्यात एक टक्का कॅल्शियम लागतं, अंड्यावरच्या कोंबडीला साडेतीन ते चार टक्के. मोठ्यांचं माप महिनोन्महिने लहानांना दिलं तर त्यांच्या मूत्रपिंडाला ते पेलत नाही. सांगलीकडच्या एका वस्तीवर मी अशा तलंगांचं शवविच्छेदन केलंय. पोट उघडलं तर काळजावर आणि यकृतावर पांढरी भुकटी, भिंतीला चुन्याचा हात मारावा तशी. त्या माणसानं दोन महिने रोज मुठीनं शिंपल्याची पावडर घातली होती, हाडं मजबूत व्हावीत म्हणून, तुमच्याच इतक्या मायेनं. ७० तलंगा गेल्या. पहिलं अंडं दिसायच्या आदल्या पंधरवड्यापर्यंत शिंपल्याचं भांडं त्यांच्या कुंपणात जाऊ देऊ नका.

लिव्हर टॉनिकबद्दल थोडक्यात. यकृताला त्रास कशानं होतो ते आधी शोधा, आणि आपल्याकडे तो बहुतेक वेळा बुरशीनं होतो. घरात खायला नको झालेलं, वास आलेलं, काळं पडलेलं धान्य कोंबड्यांपुढे टाकायची आपल्या गावांतली सवय जुनी आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पिल्लं पटापट मेली. कारण निघालं ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीतली बुरशी, आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला कळलं. ते शिजवून जात नाही, वाळवून जात नाही. तुमचा मका दाताखाली कडकन फुटतो का, मुठीत घेऊन हुंगला की कुबट वास येतो का, पोतं जमिनीला किंवा भिंतीला टेकलंय का, एवढं बघा. दाणा दबत असेल तर तो मका दळायचा नाही. पावसाळ्यात खाद्यात टॉक्सिन बाइंडर, म्हणजे बुरशीचं विष बांधून ठेवणारं द्रव्य, घातलेला चांगला, पण सडका मका चालवून घ्यायला नव्हे. मका चांगला असेल तर लिव्हर टॉनिकची तुम्हाला गरज नाही.

त्या बिननावाच्या पुडीला हातसुद्धा लावू नका. अशा पुडीत काय असेल ते तुम्ही सांगू शकत नाही, मी सांगू शकत नाही, देणाराही सांगू शकत नाही. अँटिबायोटिक असण्याची भीती मला सगळ्यात जास्त वाटते. थोड्या अँटिबायोटिकनं पिल्लं भराभर वाढतात हे १९४० च्या दशकाच्या अखेरीस लक्षात आलं आणि जगभर ते खाद्यात घातलं गेलं. पुढे त्याला न जुमानणारे जंतू तयार होऊ लागले. युरोपीय संघानं १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी अँटिबायोटिक देणं पूर्ण बंद केलं. कोलिस्टिन हे माणसाच्या अतिदक्षता विभागात शेवटचा उपाय म्हणून ठेवलेलं औषध आपल्याकडे कोंबड्यांच्या खाद्यात जात होतं; त्यावर भारत सरकारनं जुलै २०१९ मध्ये बंदी घातली. तुमची अंडी गावातलीच लेकरं खातात. आजारासाठी अँटिबायोटिक लागलंच तर डॉक्टरांच्या चिठ्ठीनं, आणि ते सांगतील तितके दिवस अंडी विकायची नाहीत. शिवाय तुमचं पिल्लू ब्रॉयलर नाही. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो तो पिढ्यान् पिढ्यांच्या निवडीमुळे आणि खाद्यामुळे, हार्मोनच्या इंजेक्शनमुळे नव्हे. तुमच्या जातीला तो वेग नाही आणि त्याची गरजही नाही. सावकाश वाढतं म्हणून तर गावरानाला भाव आहे.

बलकाचा रंग सगळ्यात सोपा. तो पिवळ्या मक्यातून आणि हिरव्या पाल्यातून येतो. कणी आणि ज्वारीत तो रंग नाही, म्हणून तुमचा बलक फिका. फलटण भागात गाईंसाठी लसूणघास घरोघरी असतो. त्याची जुडी कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर टांगा, म्हणजे तुडवली जाणार नाही. शेवग्याचा पालाही चालतो. पंधरा दिवसांत रंग बदलेल, आणि त्याच पाल्यातून बी-२ ही जाईल. अ‍ॅझोला, म्हणजे पाण्यावर तरंगत वाढणारी ती हिरवी वनस्पती, लावलात तर उत्तम, पण त्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं. पाटीभर अ‍ॅझोला टाकला म्हणून खाद्य कमी करू नका.

बी-कॉम्प्लेक्स कपाटात राहू द्या, उजेडापासून दूर. लस टोचल्यानंतर, प्रवासानंतर, आजारातून उठल्यावर दोन-तीन दिवस त्याचा खरा उपयोग होतो. तुमची पिल्लं आता रक्ती हगवणीच्या वयात आलीत, म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा. त्यावर अ‍ॅम्प्रोलियम दिलं तर तेवढे दिवस बी-कॉम्प्लेक्स बंद. ते औषध बी-१ चं सोंग घेऊन परजीवीला उपाशी मारतं. वरून खरं बी-१ पाजलं तर औषधाचा जोर जातो.

दर रविवारी सकाळी खाद्य घालायच्या आधी कुठलीही २० पिल्लं पकडून तोला आणि आकडे वहीत लिहा. खाद्य बदलल्यावर दोन-तीन रविवारांत फरक दिसायला हवा. दिसला नाही किंवा पिल्लं मरू लागली, तर ताजं मेलेलं पिल्लू प्लास्टिकमध्ये घालून बर्फावर ठेवा आणि दवाखान्यात न्या. शिरवळचं पशुवैद्यक महाविद्यालय तुमच्याच जिल्ह्यात आहे, तिथेही दाखवता येईल. जाताना खाद्याचा किलोभर नमुना सोबत न्या.

कॅल्शियम आणि लिव्हर टॉनिकच्या न उघडलेल्या बाटल्या दुकानदार परत घेत असेल तर देऊन टाका, आणि त्या पैशांत शिंपल्याचं पोतं घेऊन या.